आपल्या नावाचा एक तास

मराठीत ‘छंद’ हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. काव्यशास्त्रात छंद म्हणजे अक्षरांची आणि मात्रांची ठरलेली चाल. संसारात छंद म्हणजे कोणी न सांगता, कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, केवळ मनाच्या ओढीने केलेली गोष्ट. संस्कृतात या शब्दाला ‘इच्छा’ असाही अर्थ आहे आणि ‘स्वच्छंद’ या शब्दात तो आजही टिकून आहे. हे अर्थ शेजारी-शेजारी ठेवले की छंदाची एक नेमकी व्याख्या हाती येते: जी इच्छा नियमाने, लयीत जपली जाते, तो छंद. लहर आली म्हणून एखाद्या दिवशी केली ती हौस. आठवड्यामागून आठवडे ठरल्या वेळी जिच्याकडे पावले वळतात, ती गोष्ट छंदाच्या पदवीला पोहोचते.

पण आपल्याच भाषेने छंदाकडे थोड्या संशयानेही पाहिले आहे. ‘नादी लागणे’, ‘नादिष्ट’, ‘छंदीफंदी’ या शब्दांत कौतुकापेक्षा काळजी अधिक आहे. ज्या घरांत पेढी, दुकान किंवा शेती हाच दिवसाचा आरंभ आणि तोच शेवट, त्या घरांत ही काळजी अगदीच निराधार नव्हती. गल्ल्यावरचे लक्ष उडाले की भांडवल कसे विरघळते, हे मागच्या पिढ्यांनी पाहिलेले होते. त्यामुळे छंद ही गोष्ट आपल्याकडे नेहमी पुढच्या तारखेवर गेली. मुलांची शिक्षणे होऊ देत, घराचे कर्ज फिटू दे, धाकटीचे लग्न पार पडू दे, मग पाहू.

ते ‘मग’ एक दिवस खरोखर येते. दुकान मुलगा सांभाळू लागतो, स्वयंपाकघरात दुसरे हात येतात, किंवा चाळीस वर्षांच्या सहवासानंतर घरातले एक माणूस कायमचे निघून जाते. दिवस अचानक लांबलचक होतो. अशा वेळी कोणी आपुलकीने विचारते, ‘तुम्हाला स्वतःला काय करायला आवडते?’ आणि उत्तर सुचत नाही. अनेक गृहिणी या प्रश्नाला मुलांच्या आवडीचा पदार्थ सांगतात. अनेक व्यापारी ‘आम्हाला कुठला आलाय वेळ’ असे म्हणून हसतात. त्या हसण्यामागे एक पोकळी असते आणि ती पोकळी भरायला सत्तरावे वर्ष हा काही सर्वांत सोपा काळ नव्हे.

म्हणून छंदाचा विचार फावल्या वेळापुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. पुढील लेखात तीन वाटांचा विचार केला आहे: बर्फावरून घसरत जाण्यासाठी एकट्याने केलेला प्रवास, सुरांची सोबत आणि एखाद्या सत्कार्यासाठी पायी चालणे. वरवर पाहता या तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पहिल्या वाटेवर माणूस स्वतःला भेटतो, दुसरीवर इतरांच्या सोबतीने रमतो आणि तिसरीवर इतरांसाठी चालतो. छंदाचा पूर्ण प्रवास बहुधा याच क्रमाने होत असतो.

बर्फावर एकटे

‘स्की’ हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘चिरलेले लाकूड’ इतका साधा आहे. हिमप्रदेशात राहणाऱ्या माणसांना हिवाळ्यात एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाण्यासाठी, शिकारीसाठी आणि लाकूडफाटा आणण्यासाठी पायांना बांधायच्या या लाकडी पट्ट्या म्हणजे आपल्याकडच्या बैलगाडीसारखी रोजची गरज होती. तिचा छंद झाला तो फार उशिरा.

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांचा या छंदाच्या इतिहासात लहानसा पण मजेदार वाटा आहे. त्यांच्या पत्नीला क्षयरोग झाला होता. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. उंचावरची कोरडी, थंड हवा हाच उपाय मानला जाई. म्हणून १८९३ साली ते पत्नीला घेऊन स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे गेले. घरात दीर्घ आजारपण, भोवती बर्फ आणि हाताशी लेखन, अशा दिवसांत त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या आणि तेथील ब्रांगर बंधूंच्या सोबतीने सराव सुरू केला. मार्च १८९४ मध्ये हे तिघे सुमारे २,४०० मीटर उंचीची खिंड ओलांडून दाव्होसहून अरोसा या गावी पोहोचले. त्याच वर्षी डॉयल यांनी या प्रवासाचा वृत्तांत ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिला. उतारावरून बसल्या-बसल्या घसरत आल्याने आपल्या जाड लोकरी विजारीचे काय हाल झाले, तेही त्यांनी हसत-हसत सांगितले आहे. एक दिवस शेकडो इंग्रज लोक हिवाळ्यात केवळ या खेळासाठी स्वित्झर्लंडला येतील, असा अंदाजही त्यांनी त्यात वर्तवला होता. तो अंदाज किती खरा ठरला, हे आज आल्प्स पर्वतातल्या गावोगावी दिसते.

या प्रसंगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट खेळाच्या पलीकडची आहे. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा लागते. डॉयल यांनी बर्फावर घालवलेला वेळ पत्नीपासून हिरावून घेतलेला नव्हता. त्या ताजेपणाने ते परत तिच्या उशाशी येऊन बसत होते. आपल्याकडे वृद्ध आईवडिलांची किंवा आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या कितीतरी स्त्रिया आणि पुरुष स्वतःसाठी तासभर बाहेर पडतानाही ओशाळतात. त्यांनी हे उदाहरण मनाशी ठेवावे.

भारतात या छंदासाठी दोन ठिकाणे विशेष परिचित आहेत. काश्मीरमधील गुलमर्ग हे सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील रोपवे अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर, नेऊन सोडतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही गुलमर्गलाच आहे. दुसरे ठिकाण उत्तराखंडमधील औली. जोशीमठच्या वर पसरलेल्या या उतारांवर समोर नंदादेवी दिसत असते. हंगाम साधारणपणे जानेवारी ते मार्च, बर्फ जसा पडेल तसा.

एकट्याने स्कीइंगला जाणे म्हणजे डोंगरात एकट्याने भटकणे नव्हे, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. प्रवास एकट्याचा असतो. शिकणे मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सात-आठ जणांच्या वर्गात होते. आखलेल्या उतारांबाहेर हिमकडा कोसळण्याचा धोका असतो आणि तेथे एकट्याने जाणे जाणकारही टाळतात. पहिल्या दिवशी घसरण्याच्या आधी शिकवतात ते पडणे आणि उठणे. पडल्यावर दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या आणि मगच उठायचे, नाहीतर उठताच पुन्हा घसरण सुरू होते. दुसरा धडा थांबण्याचा: स्कींची पुढची टोके जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची आणि पाचरीसारखा आकार करून वेग मोडायचा. तिसरा धडा मनाला चकवणारा आहे. डावीकडे वळायचे तर भार उजव्या पायावर द्यावा लागतो. आणि उताराची भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलते, पण मागे रेलले की स्कींवरचा ताबाच सुटतो. ताबा हवा असेल तर दरीच्या दिशेने थोडे पुढे झुकावे लागते.

चाळिशी-पन्नाशीत हा खेळ शिकणाऱ्या माणसाला हा तिसरा धडा पुष्कळ काही देऊन जातो. गावात ज्याला सगळे ‘शेठ’ म्हणतात, घरात ज्यांच्या शब्दावर चार माणसे उठतात-बसतात, ते येथे दहा वर्षांच्या मुलाशेजारी बर्फात पडलेले असतात. कोणी ओळखत नाही, कोणी हसत नाही, कारण प्रत्येक जण पडतच असतो. कित्येक वर्षांनी आपण पुन्हा काहीतरी मुळाक्षरांपासून शिकत आहोत, ही जाणीव एकट्याच्या प्रवासाची मोठी मिळकत आहे. सोबत घरचे असते तर आपण त्यांच्या मफलरची, त्यांच्या चहाची, त्यांच्या कंटाळ्याची काळजी करीत बसलो असतो.

एकटी स्त्री निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘एकटीच? आणि बरोबर कोण?’ हा प्रश्न प्रेमातून येतो, म्हणून त्याला रागाने उत्तर देऊ नये, तयारीने द्यावे. प्रशिक्षण देणारी संस्था नोंदणीकृत आहे का, मुक्काम कोठे, परतीचे आरक्षण कोणत्या दिवसाचे, रोज किती वाजता फोन करणार, हे सारे कागदावर लिहून घरात ठेवले की काळजी निम्मी होते. उंचीवर पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा असावा. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो. म्हणून गडद चष्मा आणि त्वचेला लावायचे मलम यांना चैन समजू नये. साध्या प्रवासविम्यात बर्फातील खेळांचे अपघात बहुधा धरलेले नसतात. ते वेगळे विचारून घ्यावे लागते. आपल्या घरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: कांदा-लसणाविना शाकाहार, किंवा सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांचा नियम असेल तर आरक्षण करतानाच मुक्कामाच्या ठिकाणी तसे बोलून ठेवावे आणि हवाबंद डब्यात खाकरे, दशम्या, मेतकूट सोबत असू द्यावे.

स्कीइंग खर्चिक आहे आणि ते सर्वांनाच परवडेल किंवा झेपेल असे नाही. पण त्यातला गाभा स्वस्त आहे. सकाळच्या एस.टी.ने जवळच्या गावी जाऊन एखादे जुने मंदिर किंवा संग्रहालय निवांत पाहून संध्याकाळी परतणे हासुद्धा एकट्याचा प्रवासच आहे. कोठे थांबायचे, किती वेळ पाहायचे, चहा घ्यायचा की नाही, हे छोटे निर्णय दिवसभर फक्त आपल्या मनाने घ्यायचे. ज्यांनी वर्षानुवर्षे प्रत्येक निर्णय चार जणांच्या सोयीने घेतला, त्यांना हा दिवस प्रथम अवघड वाटतो. मग हळूहळू आवडू लागतो.

सुरांची सोबत

दुसरी वाट घरातूनच सुरू होते. गाणे किंवा वाद्य शिकण्याची इच्छा मनात ठेवून म्हातारी झालेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. ‘आता या वयात गळा कुठे वळणार’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. या वाक्यात थोडे तथ्य आहे, पण कारण वेगळे आहे. प्रौढ माणसाने आयुष्यभर उत्तम गाणे ऐकलेले असते. त्याचा कान पुष्कळ पुढे गेलेला असतो आणि गळा मात्र पहिलीच्या वर्गात असतो. लहान मुलाला आपला स्वर हलतो आहे हे कळतच नाही, म्हणून ते आनंदाने गात राहते. मोठ्या माणसाला ते तत्क्षणी कळते आणि लाज वाटते. खरे म्हणजे ही लाज तयार कानाची खूण आहे. त्या कानाला गुरू मानून महिनोन्महिने नुसता षड्ज लावला, तर गळा मागोमाग येतो.

हौशी माणसाने संगीतात काय करावे याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे आहे. मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील. तरुणपणी ते सतार शिकले आणि पुढे ‘गायन उत्तेजक मंडळी’ या संस्थेत जाऊ लागले. ही संस्था मुंबईतल्या पारशी गृहस्थांनी १८७० साली स्थापन केली होती. दिवसभर आपापला उद्योग करून संध्याकाळी संगीत ऐकायला आणि शिकायला जमणाऱ्या सभ्य माणसांची ती मंडळी होती. गाणे हा घरंदाज माणसाचा उद्योग नव्हे, असे मानणाऱ्या त्या काळात ही केवढी धिटाई होती, याची कल्पना आज येणार नाही. भातखंडे यांनी तेथे अनेक उस्तादांकडून शेकडो चिजा आत्मसात केल्या.

१९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ साली मुलगीही गेली. घर रिकामे झाले. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत प्रवास करून त्यांनी पंडितांच्या आणि उस्तादांच्या भेटी घेतल्या, ग्रंथालये धुंडाळली, पिढ्यान्पिढ्या घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे. रागांची दहा थाटांत केलेली त्यांची मांडणी आजही संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागेही त्यांचेच परिश्रम होते.

त्यांच्याएवढे काम करणे आपल्यापैकी कोणालाही शक्य नाही आणि ते करण्याची गरजही नाही. पण या चरित्रातली एक गोष्ट प्रत्येक घराला लागू आहे. दुःख कोसळले त्या दिवशी भातखंडे यांनी छंद शोधायला सुरुवात केली नव्हती. वकिलीच्या धकाधकीत, संसार भरलेला असताना, संध्याकाळचे काही तास त्यांनी आधीपासून गाण्याला दिलेले होते. म्हणून घर रिकामे झाले तेव्हा जायला एक जागा शिल्लक होती. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते, असे आपले वडीलधारे सांगत. ते पाण्याइतकेच मनालाही लागू आहे.

आज संगीताची दारे अधिक उघडी आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना लहान मुलांच्या रांगेत आजी-आजोबा बसलेले दिसतात. तानपुरा परवडत नसेल तर मोबाइलवरही त्याचा झंकार मिळतो. गावोगावी भजनी मंडळे आहेत, मंदिरांत स्तवने गाणारे महिलांचे गट आहेत. समूहात गाताना एक वेगळीच गोष्ट घडते. आपला आवाज थोडा कमी करावा लागतो, शेजारणीचा ऐकावा लागतो, श्वास एकाच ठिकाणी घ्यावा लागतो. बैठक संपल्यावर कोणाचे गाणे कसे झाले हे फारसे आठवत नाही. सगळ्यांचे मिळून झाले, एवढेच आठवते. घरात एकट्या पडलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा अशी बैठक लाभली, तर तिचे मोल औषधाच्या चिठ्ठीत लिहिता येणार नाही.

संगीत आणि सेवा यांना जोडणारे एक युरोपीय उदाहरण येथे सांगितले पाहिजे. १८७५ साली अल्सेसमध्ये जन्मलेले अल्बर्ट श्वाइट्झर हे ऑर्गन वाजवण्यात निष्णात होते. तिसाव्या वर्षापर्यंत अभ्यास आणि संगीत, त्यानंतरचे आयुष्य लोकांच्या प्रत्यक्ष सेवेसाठी, असे त्यांनी एकविसाव्या वर्षी मनाशी ठरवले. ठरल्याप्रमाणे तिशीत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण सुरू केले आणि १९१३ साली आफ्रिकेतील गॅबॉनमध्ये लांबारेने येथे रुग्णालय काढले. पॅरिसच्या बाख संस्थेने त्यांना एक खास पियानो भेट दिला होता. त्याला ऑर्गनसारखे पायपट्टे होते आणि उष्ण, दमट हवेत टिकावा अशी त्याची खास बांधणी होती. दिवसभर रुग्ण तपासून रात्री ते त्यावर सराव करीत. पुढे युरोपात परतल्यावर त्यांनी गावोगावी ऑर्गनवादनाचे कार्यक्रम केले आणि त्यातून मिळालेला पैसा रुग्णालयाला दिला. संगीत सोडून सेवा करावी लागेल, असे त्यांना प्रथम वाटले होते. प्रत्यक्षात संगीतानेच सेवेला हात दिला.

पावलांचे दान

तिसरी वाट आपल्या ओळखीची आहे. आषाढीची वारी असो वा साधू-साध्वींचा विहार, पायी चालण्याला आपल्या भूमीत साधनेचे मोल आहे. आधुनिक काळात त्याला आणखी एक रूप मिळाले: एखाद्या सत्कार्यासाठी ठरावीक अंतर चालायचे आणि त्या निमित्ताने ओळखीच्यांकडून निधी जमवायचा.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली हाडांच्या कर्करोगामुळे कापावा लागला. रुग्णालयात पाहिलेल्या इतर रुग्णांची वेदना त्याला विसरता येईना. १२ एप्रिल १९८० रोजी, कृत्रिम पाय लावून, त्याने देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवणे हा हेतू होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसात पसरल्याचे आढळले आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने १९८१ पासून दरवर्षी निघणाऱ्या दौडीत स्पर्धा नसते, क्रमांक नसतो; धावा, चाला किंवा चाकांच्या खुर्चीतून या.

वयाच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधील कॅप्टन टॉम मूर. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, शंभरी गाठायला थोडेच दिवस उरले असताना त्यांनी ठरवले की चालण्याच्या आधारचौकटीच्या साहाय्याने आपल्या बागेतील २५ मीटरच्या पट्ट्यात १०० फेऱ्या मारायच्या आणि आरोग्यसेवेशी संबंधित धर्मादाय निधीसाठी १,००० पौंड जमवायचे. प्रत्यक्षात ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. हिशेब केला तर ते चालले केवळ अडीच किलोमीटर. लोकांनी अंतराला पैसे दिले नाहीत. शंभरीच्या उंबरठ्यावरचा माणूस ‘मी काय करू शकतो’ असे विचारतो, त्या विचारण्याला दिले.

या कथेला एक कडू शेवटही आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य नाही. त्यांच्या निधनापूर्वीच त्यांच्या नावाने एक वेगळी संस्था स्थापन झाली होती. तिच्या कारभाराची तेथील धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, संस्थेचा कारभार योग्य रीतीने झाला नाही, असा निष्कर्ष जाहीर केला. फेऱ्यांच्या वेळी आरोग्यसेवेसाठी जमलेल्या मूळ रकमेचा या ठपक्याशी संबंध नव्हता. तरीही वृद्धाच्या निर्मळ हेतूवर सावली पडली ती पडलीच. दानाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाने यातून एवढे घ्यावे की पदयात्रा काढताना उत्साहाइतकाच हिशेबही चोख हवा. पैसे कोणाकडे जाणार हे आधी जाहीर करावे, रक्कम थेट त्या संस्थेच्या खात्यात जावी, प्रत्येकाला पावती मिळावी आणि महिनाभरात जमाखर्च सर्वांसमोर ठेवावा. टी-शर्ट, मंडप आणि फलक यांवर जमलेल्या निधीतला पैसा खर्च होता कामा नये.

मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या आणि आता जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये हजारो माणसे सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये आपापल्या आवडत्या संस्थेचा फलक हाती घेऊन चालतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी तेथे वेगळी दौड असते. पण त्यासाठी मुंबईला जाण्याची आवश्यकता नाही. गावातल्या पांजरपोळाच्या चाऱ्यासाठी, शाळेच्या ग्रंथालयासाठी किंवा एखाद्या गरजू रुग्णाच्या उपचारासाठी दहा घरांनी मिळून पाच किलोमीटर चालावे. सवय नसलेल्यांनी आधी सहा ते आठ आठवडे रोज अर्धा तास चालण्याचा सराव करावा, नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत आणि हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांचे चालणे आजवर केवळ साखर कमी करण्यासाठी होते, त्यांना ते दुसऱ्याच्या कामी येत आहे असे कळले की सकाळचा गजर लावावा लागत नाही.

घराने द्यायची जागा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. छंदाला वेळ कोठून आणायचा? सवड ही वस्तू संसारात कधीच शिल्लक राहत नाही. ती शोधत बसलेल्याला ती मिळत नाही. घरात वेळ मिळतो तो फक्त ठरवून दिलेल्या कामाला. दुकान दहाला उघडते, दूध सहाला येते, मुलांची बस सातला सुटते. या वेळापत्रकात घरातल्या प्रत्येकाच्या नावाने आठवड्यात एक तास लिहून ठेवावा. तो लिहिलेला असला की त्याच वेळी पाहुणे बोलावले जात नाहीत, चहा ज्याचा त्याने करून घेतला जातो आणि तो तास वापरणाऱ्याला ‘मी जाऊ का?’ असे विचारावे लागत नाही.

येथे न्यायाचा प्रश्न येतो. घरातला पुरुष दर रविवारी गडावर जातो आणि त्याचा डबा भरण्यासाठी त्याची पत्नी पहाटे चारला उठते, तर त्या छंदाची किंमत दुसरेच कोणी चुकवत आहे. एकाच्या स्वच्छंदासाठी दुसऱ्याने राबावे ही रीत जेथे आहे, तेथे मागच्या पिढीचा ‘छंदीफंदी’ हा शब्द शोभून दिसतो. उलट, तिच्या नावाचा तास त्याने सांभाळला आणि त्याच्या नावाचा तिने, की दोघांचेही छंद घराचेच होतात. पती-पत्नीचे छंद एकच असायला हवेत, असेही नाही. दिवसभर एकत्र असणाऱ्यांना संध्याकाळी एकमेकांना सांगण्यासारखे काही वेगळे घडलेले असावे, यात संसाराचे भलेच आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. शाळेनंतर त्यांना आपण तबला, चित्रकला, बुद्धिबळ अशा वर्गांना पाठवतो आणि त्याला छंद म्हणतो. पण ज्या गोष्टीला परीक्षा, ढाल आणि शेजारच्या मुलाशी तुलना चिकटली, ती दुसरी शाळाच झाली. मुलाने सुटीच्या दुपारी, कोणी न सांगता, जे करायला घेतले तो त्याचा छंद. तो गोट्या जमवण्याचा असेल, पक्ष्यांची पिसे वहीत चिकटवण्याचा असेल. मोठ्यांनी त्यात सुधारणा सुचवायला जाऊ नये.

मोठ्यांनाही हाच नियम. सुंदर विणकाम पाहिले की ‘हे विकत का नाहीत?’ असा प्रश्न आपल्या व्यापारी घरांत लगेच येतो. कौतुकच असते ते. पण मागणी आली की मुदत येते, मुदत आली की घाई, आणि घाईत तो तास पुन्हा दुसऱ्यांच्या मालकीचा होतो. एखादी गोष्ट नफ्या-तोट्याच्या वहीबाहेर ठेवता येणे ही संपन्न घराची खूण मानावी. श्वाइट्झर यांचे वादन आणि टॉम मूर यांच्या फेऱ्या पुढे इतरांच्या उपयोगी पडल्या, हे खरे. पण उपयोग होईल म्हणूनच छंद करावा, असा त्याचा अर्थ नाही. भरलेली घागर डोक्यावरून नेताना वाटेत थोडे पाणी सांडतेच. आधी ती भरू द्यावी.

या आठवड्यात रात्रीच्या जेवणाला सारे एकत्र बसतील तेव्हा घरातल्या सर्वांत अबोल माणसाला विचारून पाहावे: लहानपणी तुम्हाला काय करायला आवडत असे? पहिले उत्तर ‘काही नाही’ असे येईल. थोडे थांबावे. मग कदाचित पेटीचा उल्लेख निघेल, नदीवर पोहण्याचा निघेल, रांगोळीच्या ठिपक्यांची एखादी वही माळ्यावरच्या ट्रंकेत असल्याचे कळेल. ती वही खाली काढावी, धूळ झटकावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, पुढच्या बुधवारच्या चौकोनात, पेन्सिलीने त्या माणसाचे नाव लिहून ठेवावे.